ग्रंथींचे रोग व औषधाची शिकवण

वर्षाचे तास होतात ८,७६०. मधुमेहाचा एखादा नियमित रोगी दरमहा दवाखान्यात जातो व डॉक्टरांपुढे दहा मिनिटे बसतो असे धरले, तर वर्षाकाठी दोन तास भरतात. उरले ८,७५८ तास. या तासांत त्या रोग्याचा उपचार कोण करतो? तो स्वतः करतो, त्याची बायको करते, सून करते, गावची आशाताई करते. औषध लिहिणारा एक आणि ते रोज चालविणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. जो चालविणारा आहे त्याला ते काम कोणी शिकविले काय, आणि शिकविणाऱ्याला त्यासाठी वेळ व दाम कोणी दिला काय, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

आम्ही वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. तास आणि मजुरी मोजण्यात आमचा जन्म गेला. परंतु संघटनेच्या कामात परिचारिका, आशाताई, वनमजूर यांच्यात बसणे-उठणे होते, आणि त्यांच्या बोलण्यात हा विषय इतक्या वेळा निघतो की त्याचा मुळातून अभ्यास करणे आम्हांस भाग पडले. जाणकार मंडळींना विचारून जे पक्के कळले तेवढेच येथे मांडतो. ज्याने त्याने आपला डोस मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.

प्रथम ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात काही लहान लहान ग्रंथी आहेत, त्यांना नळी नाही. लाळेची ग्रंथी आपला रस नळीवाटे तोंडात सोडते. या ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. म्हणून त्यांस अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात व त्या रसांस हॉर्मोने. गळ्यातील अवटू ग्रंथी, जिला दवाखान्यात थायरॉइड म्हणतात. पोटातील स्वादुपिंडाचे काही पुंजके. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी. आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका. पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटीत असे. दवंडी सगळ्या गावाला ऐकू जाई, पण ज्याचा सारा थकला असेल तोच कान टवकारी. हॉर्मोनाचे काम तसेच आहे. रक्ताबरोबर ते सर्वांगात फिरते. परंतु ज्या अवयवास ते ओळखता येते तोच त्याप्रमाणे वागतो. दवंडी थांबली तर गावाचा कारभार अडतो, आणि दिवसरात्र दवंडीच पिटली गेली तर गाव वेडावून जातो. ग्रंथींचे बहुतेक रोग या दोहोंपैकी एका प्रकारात बसतात.

हिवतापाची गोळी ठरलेले दिवस घेतली, जंतू मेले, काम संपले. परंतु जी ग्रंथी आपला रस करीनाशी झाली तिचा रस बाहेरून द्यावयाचा म्हणजे तो जन्मभर द्यावयाचा. शिवाय तो ठरल्या वेळी, ठरल्या मापाने, जेवणाशी व श्रमाशी मेळ घालून द्यावयाचा. थोडक्यात, ग्रंथीचे काम रोग्याच्या हाताने करावयाचे. एवढे मोठे काम कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून कसे शिकविले जाईल?

इन्सुलिनचे उदाहरण घेऊ. कॅनडातील टोरंटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सन या मुलास पहिली सुई दिली गेली. तोवर बालपणी मधुमेह जडणे म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. शोधकांनी त्यावरील हक्क टोरंटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले; औषध सर्वांचे असावे ही त्यामागची भावना. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत इन्सुलिन होते. त्याच काळात अमेरिकेतील बोस्टनचे डॉ. जॉस्लिन यांनी दुसरी एक गोष्ट ओळखली होती. १९१८ साली त्यांनी मधुमेहावर जे पुस्तक काढले ते डॉक्टर व रोगी या दोघांसाठी होते. पुढे त्यांनी परिचारिकांना रोग्यांच्या घरी जाऊन शिकविण्याचे काम दिले. औषध हाती आले तरी ते घेण्याचे शिक्षण नसेल तर काम अर्धेच राहते, हे त्यांस कळले होते.

आता धारणीच्या एखाद्या घरात ही बाटली आली म्हणजे काय काय शिकवावे लागते ते पाहा. पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरात ४० युनिटे या ताकदीचे असते; पेनामध्ये भरावयाचे १०० युनिटांचे असते. सिरिंजाही दोन प्रकारच्या मिळतात: ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. लाल टोपणाच्या जागी दुकानदाराने नारिंगी दिली, आणि रोग्याने नेहमीच्याच आकड्यापर्यंत ४० ची बाटली ओढली, तर औषध अडीच पटीने कमी जाते व साखर चढत राहते. उलट झाले, म्हणजे १०० चे औषध ४० च्या सिरिंजेत ओढले, तर अडीच पट जास्त जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. जीव एका टोपणाच्या रंगावर टांगलेला असतो. म्हणून सिरिंज घेताना रंग पाहा आणि बाटलीवरचा आकडा ताडून पाहा, हा पहिला धडा. ज्यास अक्षर येत नाही त्यासही रंग कळतो. रेघांसाठी एक जुनी, सुई मोडलेली सिरिंज घेऊन तिच्यावर त्याच्या डोसाची खूण करून द्यावी. मात्र डोस बदलला की खूणही त्याच दिवशी बदलावी.

गढूळ दिसणारे इन्सुलिन तळहातांमध्ये हळुवार लोळवून एकजीव करावे, खळखळ हलवू नये. सुई पोटाला किंवा मांडीला, आणि रोज थोडी जागा बदलून. एकाच जागी टोचीत राहिल्यास तेथे गाठ धरते व औषध नीट शोषले जात नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. उकिरड्यावर टाकलेली सुई कोणाच्या तरी अनवाणी पायात शिरते.

दुसरी गोष्ट उन्हाची. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी आणि चालू बाटली सावलीच्या थंड जागी ठेवून साधारण चार आठवड्यांत संपवावी, असा नियम आहे. पण ज्या घरात फ्रीज नाही, किंवा आहे पण वीज नाही, त्याने काय करावे? केनियातील दगाहले निर्वासित छावणीत नेमका हाच प्रश्न होता. तेथील घरांतले तापमान दिवसभरात २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होत असे. तशा उष्णतेत चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकून राहते, असे जिनिव्हा विद्यापीठाच्या तपासणीत आढळले व ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चालू बाटलीपुरती आपली माठाची युक्ती पुष्कळ कामाची आहे. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवावे, मध्ये वाळू भरून ती ओली राखावी, आणि बाटली कोरड्या, झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी. पत्र्याच्या छपराखालची फळी, चुलीजवळचा कोनाडा आणि मोटारसायकलची डिकी या तीन जागा मात्र वर्ज्य. आणि बर्फात गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. ते वाया गेले असे समजावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: साखर एकाएकी उतरणे. सुई किंवा गोळी घेतली, पण जेवण झाले नाही. अथवा रोजच्यापेक्षा दुप्पट श्रम झाले. मग हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, दारू प्यालेला दिसतो. मोहाच्या मुलखात हा गैरसमज सहज होतो आणि तोच घात करतो. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की ही लक्षणे संभवतात. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी; पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी; बरे वाटताच भाकरी खाऊ घालावी. शुद्ध गेलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे व १०८ ची गाडी बोलवावी. रोगी स्वतः त्या घडीला काही करू शकत नाही. म्हणून हा धडा रोग्यापेक्षाही त्याच्या घरच्यांना व सोबत काम करणाऱ्यांना शिकवावा लागतो.

येथे आमचा मजुरीचा विषय आपोआप येतो. मेटफॉर्मिनची गोळी जेवणाबरोबर घेतात व एकटीने ती साखर फारशी एकदम उतरवीत नाही. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावयास लावतात. पुढे जेवण आले नाही तर साखर कोसळते. चिठ्ठीवर 'सकाळी जेवणाआधी' असे लिहिलेले असते. पण ज्या मजुराचे सकाळचे जेवण म्हणजे काळा चहा, आणि भाकर दुपारी एक वाजता बांधावर, त्याची सकाळ कोणती? परिचारिकेने पहिला प्रश्न विचारावा तो हा: भाऊ, तुम्ही जेवता केव्हा? ज्या दिवशी चूल पेटत नाही त्या दिवशी काय करता? उत्तर ऐकून मग डॉक्टरांकडून वेळ बसवून घ्यावी. मात्र ज्यांचे स्वादुपिंड इन्सुलिन मुळीच करीत नाही, त्यांनी तापात किंवा उपासातही सुई पूर्ण बंद करावयाची नसते. डोस किती कमी करावयाचा ते विचारावयाचे असते. दोन रोग्यांचे नाव एक असले तरी धडा वेगळा असतो, तो असा.

याच ओघात एक समज दूर केला पाहिजे. साखर हा खात्यापित्या, जाड माणसाचा रोग आहे असे आपण मानतो. भारतात १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह असल्याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतके सगळे काही शेटसावकार नव्हेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या या किडकिडीत बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक, असे त्यांना दिसले. गर्भात उपाशी राहिलेले मूल पुढे मधुमेहाच्या वाटेवर असू शकते. आणि कुपोषणाशी जोडलेला, कृश तरुणांना होणारा मधुमेह हा स्वतंत्र प्रकार आहे, हे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली मान्य करून त्यास पाचव्या प्रकाराचे नाव दिले. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधन होते. अशा रोग्यास इन्सुलिन थोडेच लागते. पोटात अन्न नसता ते जास्त दिले तर तेच त्यास मारते. मेळघाटचे नाव १९९३ साली बालमृत्यूंमुळे देशभर झाले. त्या वर्षी जी मुले वाचली ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. कृश माणसास साखर होत नाही असे म्हणून त्यांना परत पाठविणे कोणत्याही दवाखान्यास परवडणारे नाही.

आता गळ्याच्या ग्रंथीकडे वळू. हिचा रस आयोडिनावाचून बनत नाही. अन्नात ते कमी पडले की ग्रंथी फुगते, तोच गलगंड. १९६२ साली भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, आणि आयोडिन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास २००६ पासून देशभर बंदी झाली. बाजारातून मीठ घेताना पुडीवरचे हसऱ्या सूर्याचे चिन्ह पाहावे, घरी ते झाकणाच्या डब्यात ठेवावे, एवढे पुरे.

परंतु ग्रंथीच मंदावली असेल तर मीठ उपयोगी नाही, गोळी हवी. ती पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची व चहा अर्धा ते एक तासाने प्यावयाचा. धारणी तालुक्यातील घरांना येथे एक खास अडचण आहे. गरोदर बाईला आशाताई लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या अतिशय जरूरीच्या आहेत. पण थायरॉइडच्या गोळीबरोबर त्या एकदम गिळल्या तर पोटातच तिला बांधून टाकतात आणि ती अंगी लागत नाही. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर पाहिजे. बाई तिन्ही गोळ्या इमानाने एका घोटात घेते, औषध चुकविले नाही म्हणून समाधान मानते, आणि रक्ततपासणीत आकडा मात्र हलत नाही. मग तिच्यावरच ठपका येतो की गोळ्या घेत नाही. गरोदरपणात या गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच रसावर होते. सुमारे हजारातले एक बाळ जन्मतःच या ग्रंथीच्या मांद्याचे असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखे शाळेत जाते. वर्ष गेले तर बुद्धीचे नुकसान भरून येत नाही. गोळी चमच्यात थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कुसकरून पाजावयाची असते. दोन मिनिटांची शिकवण, आणि तीवर अख्खे आयुष्य.

तिसरी जागा अधिवृक्क ग्रंथींची. त्या निकामी झाल्यास काय होते याचे वर्णन इंग्लंडच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. अशक्तपणा, वजन घटणे, कातडी काळवंडणे. क्षयरोग हे त्याचे एक मोठे कारण. या ग्रंथींचा रस ओळखून औषधास लावल्याबद्दल केंडल, राइखस्टाइन व हेंच यांस १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीची औषधे म्हणजे आजची स्टेरॉइडे. ती योग्य जागी अमृतासमान आहेत. परंतु खेडोपाडी गुडघेदुखीला, दम्याला, अंगदुखीला 'ताकदीची गोळी' म्हणून ती सर्रास दिली जातात. दोनतीन आठवड्यांहून अधिक काळ ती घेतली की ग्रंथी विचार करते, बाहेरून माल येतो आहे, आपण कशाला राबावे? आणि ती झोपी जाते. मग एके दिवशी पैसे संपले म्हणून रोगी गोळी एकदम बंद करतो. बाहेरचा माल थांबला आणि आतला कारखाना बंद! रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, प्राणावर बेतते. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीने उतरवावी, एकदम तोडू नये. ज्यांना ती कायमची आहे त्यांनी तापात डोस वाढवावयाचा असतो. किती, ते आधीच विचारून ठेवावे. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण तेव्हा सुईच लागते.

ही झाली शिकवणीची सामग्री. शिकवावे कसे? आम्ही चळवळीत पाहिले आहे की 'कळले ना?' असे विचारले की सर्वजण माना हलवितात. परिचारिकेने असे विचारू नये. तिने म्हणावे, मावशी, आता घरी गेल्यावर सुनेला कसे सांगाल ते मला सांगा बरे. काकाजी, तुम्ही सुई भरून दाखवा. जेथे हात अडखळेल तेथे पुन्हा शिकवावे. दुसरे, भाषा. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. तिचे कूळच निराळे, मुंडा भाषांचे. दवाखान्यात मराठीत ऐकलेले आणि मनात कोरकूत उतरलेले यांत 'आधी' आणि 'नंतर' एवढा एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी अनर्थ होतो. तिसरे, स्थलांतर. दिवाळीनंतर माणसे कामाला बाहेर पडतात, होळीला परततात, पुन्हा निघतात. निघण्यापूर्वी पुरेसे औषध आणि रोगाचे नाव, औषध, डोस लिहिलेली एक चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात पाहिजे. ती मराठीबरोबर हिंदीतही असावी, कारण बऱ्हाणपूर-खंडवा आम्हांला अमरावतीहून जवळ. चौथे, पाय. मधुमेह्याच्या पायाची आग किंवा बधिरता विचारून, तळवा प्रत्यक्ष पाहून, काटा-फोड शोधणे ही परिचर्या आहे. तिला यंत्र लागत नाही, खाली बसणारा माणूस लागतो.

आणि तेथेच मूळ प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो: खाली बसावयास वेळ कोणाला आहे? सामान्य रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. आपापल्या वॉर्डात जाऊन ज्याने त्याने मोजून पाहावे. सुई दिल्याची नोंद होते, गोळ्या वाटल्याची नोंद होते. वीस मिनिटे बसून शिकविल्याचा रकाना कोणत्याही मस्टरवर नाही. ज्या कामास रकाना नाही ते काम नाही, असा कचेरीचा न्याय आहे. गावपातळीवर हे काम आशाताईंवर येते. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला. पण सरकारी भाषेत त्या 'स्वयंसेविका', आणि त्यांना मिळतो तो 'मोबदला'. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांवर काम करणाऱ्यांस कामगार मानून किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील आशाताईंना संपावर उतरावे लागले. ज्या बाईचे वेतन कोणी वेतन म्हणावयास तयार नाही, तिच्या शब्दाला रोग्याच्या घरात वजन यावे ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु फुकट मिळालेली आणि चुकीच्या सिरिंजेत भरलेली बाटली कोणाच्या उपयोगाची? म्हणून आमच्या मागण्या सोप्या आहेत. औषध शिकविण्याच्या कामाला परिचारिकेच्या वेळापत्रकात तास नेमून द्यावा व त्याची नोंद ठेवावी. ज्या दवाखान्यात कोरकू रोगी येतात तेथे कोरकू बोलणारी व्यक्ती पगारावर असावी. आशाताईंस या शिकवणीचे रीतसर शिक्षण, आणि कामगार म्हणून वेतन द्यावे. या मागण्या रोग्यांच्या आहेत की कामगारांच्या, असे कोणी विचारील. आमच्या मते त्या वेगळ्या करता येत नाहीत. आणि श्रोत्यांकडे आमचे मागणे एवढेच, की आज घरी गेल्यावर घरातल्या औषधाच्या डब्यातील प्रत्येक गोळी कशासाठी, केव्हा व कशाबरोबर घ्यावयाची ते सांगून पाहावे. जिचे सांगता येणार नाही तिची चिठ्ठी उद्या दवाखान्यात घेऊन जावे आणि बाईंना विचारावे. त्यांना वेळ नसेल तर तो का नाही, हेही विचारावे. पण ते बाईंना नव्हे, वर.